ज्याला तेरावं नसतं

आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की कुणाला काही सांगावं लागत नाही. शेजारीण चहाचं पातेलं घेऊन येते, भावकीतून पिठलं-भात येतो, गल्लीतली पोरं खुर्च्या उतरवून घेतात. घरच्यांनी रडायचं आणि बाकीच्यांनी बघून घ्यायचं, असा न बोललेला करार असतो. मग सावडणं, दहावा, तेरावं. पाव्हण्यांनी दुखवट्याची टॉवेल-टोपी दिली की माणूस हळूहळू कामाला लागतो. दुःख तेराव्या दिवशी संपत नाही हे सगळ्यांनाच कळतं. पण त्याला तारखा असतात आणि गावाला ते ठाऊक असतं.

दोन वर्षांपूर्वी कोरेगावकडच्या एका १७ वर्षांच्या मुलाला टाईप वन डायबेटिस निघाला, म्हणजे रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं तो मधुमेह. पोरगा भरतीची तयारी करत होता. सातारा जिल्ह्यात याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इथे अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे आणि पहाटे ५ वाजता कुठल्याही रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. त्याचं वजन उतरायला लागलं तेव्हा घरच्यांना वाटलं, पळतोय म्हणून. रात्री उठून तांब्या-तांब्या पाणी प्यायला लागला तेव्हा वाटलं, उन्हाळा आहे. शेवटी ग्राऊंडवर चक्कर येऊन पडला आणि दवाखान्यात शुगर ५००च्या वर निघाली. घरी सोडल्यावर मला भेटला तेव्हा सुईचं, पथ्याचं त्यानं काहीच विचारलं नाही. म्हणाला, "मावशी, भरतीचं काय?"

इन्शुलिनवर असलेल्याला सैन्याच्या मेडिकलमध्ये घेत नाहीत. मी ते तसंच सांगितलं. तो बराच वेळ बुटाची लेस सोडत आणि बांधत बसला.

त्यांच्याकडे माणसं भेटायला आली, नाही असं नाही. मोसंबी-सफरचंदाच्या पिशव्या आल्या, कारल्याच्या रसाचे सल्ले आले, कुणाच्या तरी मेव्हण्याची शुगर पानांच्या काढ्यानं कशी गेली त्याच्या गोष्टी आल्या. पण त्या घरातून एक फौजी गेला होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पोरगा तर समोर बसलेला होता, धडधाकट दिसत होता. मग सांत्वन कशाचं करायचं?

हा लेख त्याच दुःखाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. मला स्वतःला १९९४ साली, १३व्या वर्षी हाच आजार निघाला. आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता, इन्शुलिनची बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. गेली काही वर्षं महिन्यातल्या एका रविवारी सातारा-सांगलीकडची काही पोरं आणि त्यांचे आईबाप आमच्या घरी जमतात. डायबेटिसवाले जास्त, पण थॅलेसेमिया (रक्ताचा जन्मजात आजार), हृदयाची झडप, संधिवात, फिट, किडनी असे सगळेच. पुढे जी उदाहरणं येतील त्यांतले तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

आधी एक गोष्ट साफ करू. दुःख म्हणजे फक्त मरणाचं, असं आपण धरून चालतो. पण मन हिशेब ठेवतं ते गमावल्याचा. लांब पल्ल्याच्या आजारात १४-१५ वर्षांचं पोर काय काय गमावतं, ते मोजायला बसलं तर यादी चमत्कारिक निघते. मोठ्यांना वाटतं, गोड बंद झालं म्हणून रडतोय. खरं तर टाईप वनमध्ये इन्शुलिनचा डोस मोजून घेतला तर कंदी पेढाही खाता येतो. जातं ते न मोजता खाणं. गुऱ्हाळावर गेल्यावर गरम काकवीत बोट बुडवताना बाकीच्या पोरांच्या डोक्यात काही नसतं. याच्या डोक्यात आकडेमोड चालू असते. संधिवाताच्या मुलीचं जातं ते पंगतीत मांडी घालून बसणं. तिच्यासाठी खुर्ची येते, आणि खुर्चीसोबत पन्नास नजरा येतात. किडनीच्या आजारात स्टिरॉईडच्या गोळ्यांनी तोंड गोल होतं, दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो स्वतःचाच वाटत नाही. थॅलेसेमियात सारखं रक्त चढवल्यानं शरीरात लोह साठत जातं, ते मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीत बसलं की वयात येणं लांबतं. वर्गातल्या सगळ्यांना मिसरूड फुटलेली आणि हा अजून सहावीतला दिसतो. त्याच्या दुःखाचं कारण विचाराल तर तो रक्त चढवण्याचं नाव घेणार नाही, मिसरूडीचं घेईल. तेही तुम्हाला सांगणार नाही.

या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे शरीरावरचा भरवसा. आपलं शरीर आपल्या नकळत आपल्यासाठी राबतंय, हे निरोगी माणसाला आठवतही नाही. आजारी पोराला ते कायमचं आठवत राहतं.

मेंदूचं आणि वयाचं गणितही इथे उलटं बसतं. पुढचा विचार करणं, बेत आखणं, मोह आवरणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जाते. मित्रांत आपली किंमत काय, ही ओढ मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोरात असते. म्हणजे आजार नेमकं तेच मागतो जे या वयात सगळ्यात कमी असतं: रोजची शिस्त, आगाऊ विचार आणि चारचौघांत वेगळं दिसायची तयारी. शिवाय हे वय आईबापांपासून सुटण्याचं असतं, आणि आजार पोराला परत आईच्या पदराशी आणून बांधतो. रात्री २ वाजता आई बोट टोचून शुगर बघते. १६ वर्षांच्या मुलाला हे कसं वाटत असेल, हे आईला कळतं. पण न बघून तिला झोप लागत नाही. दोघंही बरोबर असतात, आणि भांडण मात्र रोज होतं.

त्यात टाईप वनवाल्यांसाठी शरीराचा एक वेगळाच कावा असतो. वयात येताना वाढीची संप्रेरकं उसळतात आणि त्यामुळे इन्शुलिनचा असर कमी पडतो. जेवण तेच, डोस तोच, खेळ तोच, आणि आकडा २८०. डोस वाढवायची गरज असते, बाकी काही नाही. पण घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" मी स्वतः या प्रश्नाला चौदाव्या वर्षी इतकी वैतागले होते की खाल्लं नसतानाही "लाडू खाल्ला" म्हणून सांगून टाकायचे. निदान विषय तरी संपायचा.

आता दुःखाच्या पायऱ्यांबद्दल. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि मग स्वीकार, या पाच पायऱ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही वाचल्या असतीलच. त्या मांडल्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, १९६९ साली, अमेरिकेत. पण त्या कुणाशी बोलून मांडल्या, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांनी ऐकलं होतं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांचं. पुढची ५०-६० वर्षं आजारासोबत जगायची आहेत अशी शाळकरी पोरं त्यांच्यासमोर नव्हती. तरी आपण तीच शिडी या पोरांना लावतो आणि वर्षभरानं म्हणतो, "अजून स्वीकारलं नाही त्यानं." जणू वरच्या पायरीवर चढलं की खाली उतरायचंच नसतं.

या मुलांना जास्त लागू पडेल असा विचार त्याआधी, १९६२ साली, सायमन ओल्शान्स्की या अमेरिकन माणसानं मांडला होता. तो बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईबापांबरोबर काम करायचा. त्याच्या लक्षात आलं की या आईबापांचं दुःख संपत नाही, आणि ते संपत नाही हा काही मनाचा आजार नाही. ज्या गोष्टीचं दुःख आहे ती गोष्टच रोज समोर असताना ते संपावं तरी कसं? ते कधी दबून असतं, कधी उसळतं. पुढे इतर अभ्यासकांनी हे दीर्घ आजाराच्या रुग्णांनाही लावून पाहिलं. मी याला मुरलेलं दुःख म्हणते. लोणच्यासारखं, बरणी उघडली की वास येतोच.

आणि बरणी कधी उघडते, हे बऱ्यापैकी आधीच सांगता येतं. आमच्या पोरांच्या बाबतीत ते प्रसंग म्हणजे दहावीची सहल, ज्यात शिक्षक म्हणतात "जबाबदारी कोण घेणार, नको." गावची जत्रा. चुलतबहिणीचं लग्न ठरणं. गणपतीत ढोलपथकात मित्रांची नावं लागणं. पुण्याला हॉस्टेलवर जायचं ठरणं. भरतीची जाहिरात. आणि एक प्रसंग कुणाच्या लक्षात येत नाही तो म्हणजे १८ वर्षं पूर्ण झाल्यावर बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं. सात-आठ वर्षं ज्यांनी "काय रे पैलवान" म्हणून हाक मारली ते सुटतात आणि साठी-सत्तरीच्या रुग्णांच्या रांगेत, कुणाचा पाय कापलेला, कुणाला दिसत नाही, अशा बाकावर हे पोर जाऊन बसतं. आपला उद्या त्याला तिथं बसलेला दिसतो. तीन वर्षं छान चाललेला मुलगा इथे अचानक दवाखान्यात यायचंच बंद करतो, आणि लोक म्हणतात, कॉलेजला गेला आणि वाया गेला.

दुःख दोनदा येण्याचा एक खास प्रकार टाईप वनमध्ये आहे. तो सविस्तर सांगते, कारण त्यात जीव जातात. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आजार लक्षात येतो तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात, पण थकलेल्या. बाहेरून इन्शुलिन सुरू झालं की त्यांना जरा उसंत मिळते आणि त्या परत कामाला लागतात. मग काही आठवडे, कधी काही महिने, डोस खूप कमी होतो, शुगर छान राहते. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. नाव गोड आहे, काळ फसवा आहे. कारण नेमक्या याच दिवसांत घरात कुणीतरी काढा आणलेला असतो, देवऋष्याचा दोरा बांधलेला असतो, नाहीतर खंडोबाला नवस बोललेला असतो. श्रेय त्याला जातं. "बघा, उतरली शुगर." आणि एखादा म्हणतो, आता सुया बंद करा.

टाईप वनमध्ये इन्शुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साठत जातं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, मग बेशुद्धी, आणि काही दिवसांत मृत्यू. यात मतभेदाला जागा नाही. दोरा बांधायचा तर बांधा, इंजेक्शन चालू ठेवून बांधा.

पण मला सांगायचं आहे ते पोराच्या मनाचं. हनिमून संपतो. उरलेल्या पेशीही जातात, डोस परत चढतो. ज्याच्या घरात "बरा झाला" असं बोललं गेलं होतं, त्या पोराला दुसऱ्यांदा तोच आजार होतो. पहिल्या वेळी निदान सगळे घाबरले होते. आता सगळे त्याच्यावर चिडलेले असतात. तासगावकडची एक मुलगी मला म्हणाली होती, "पहिल्यांदा आजार आला तवा आई रडली. दुसऱ्यांदा आला तवा मीच चुकले असं झालं." तेव्हा आजार निघाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात घरातल्या सगळ्यांना, आजीसकट, हे समजावून सांगावं: मध्ये काही दिवस बरे जातील, ते जातील तेव्हा नारळ फोडू नका.

इथे थोडं मागचं बघू. १९२२च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. त्याचं वय १४ होतं. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही. औषध जास्त शुद्ध करून १२ दिवसांनी परत दिलं तेव्हा फरक पडला. त्याच्या आधी या आजाराची पोरं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, आणि ती जायचीच. म्हणजे ज्या दुःखाबद्दल मी लिहितेय ते एका अर्थानं शंभर वर्षांचंच आहे. त्याआधी पोरं या दुःखापर्यंत पोचायचीच नाहीत. आपल्याकडे त्याच्यासाठी रीत नाही, कारण रीत पडायला लागतो तेवढा काळच अजून गेलेला नाही, असं मला वाटतं.

रीत नसलेल्या दुःखाला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९मध्ये नाव दिलं. त्याचं म्हणणं साधं आहे: प्रत्येक समाजात कुणी, कशासाठी, किती दिवस रडावं याचे नियम असतात. त्या नियमांत न बसणारं दुःख माणसाला एकट्यानं आणि चोरून करावं लागतं. मान्यता नसलेलं दुःख. आणि आपल्याकडे ते चोरून करायला लावायची एक पक्की जागा आहे, मुलीचं लग्न.

मुलीला आजार निघाला की पहिल्या आठवड्यात घरात ठराव होतो: कुणाला सांगायचं नाही. शाळेत नाही, मैत्रिणींना नाही, आत्याला तर नाहीच. मग ती शाळेच्या संडासात उभं राहून इन्शुलिन टोचते. इन्शुलिनचं पेन कंपासपेटीत लपवते. शुगर कमी झाली, हात थरथरायला लागले तरी दप्तरातली साखर काढत नाही, कारण शेजारची विचारेल. शुगर लो होणं ही दहा-पंधरा मिनिटांत गंभीर होऊ शकणारी गोष्ट आहे आणि वर्गात कुणालाच ठाऊक नाही, याचा धोका घरच्यांना कळत नाही असं नाही. स्थळाचा धोका त्यांना मोठा वाटतो. मी या बाबतीत तटस्थ नाही. जतकडच्या एका मुलीला हृदयाच्या झडपेचा आजार आहे, सांधेज्वरानंतर होतो तो. तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, असं निदान १० वर्षं, आणि झडप जास्त खराब असेल तर त्याहून पुढे. ते इंजेक्शन दुखतं, दुसऱ्या दिवशीही दुखतं. दर २१ दिवसांनी ती घरात खोटं कारण सांगून नव्हे, घरच्यांनीच शिकवलेलं खोटं कारण बाहेर सांगून मिरजेला जाते. ती मला म्हणाली की सुईपेक्षा कारण आठवत बसण्याचा त्रास जास्त होतो. मागच्या वेळी काय सांगितलं होतं, मामाकडे गेले की दाताला गेले?

निदान तीन माणसांना सांगा, एवढंच मी म्हणते: वर्गशिक्षक, एक मैत्रीण, आणि घराशेजारचं एक घर. ती तीन माणसं पोराला निवडू द्या.

घराच्या आतही चोरी चालते, फक्त ती प्रेमाची असते. मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाई १९७०च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांसोबत अमेरिकेतल्या एका दवाखान्यात महिनोनमहिने बसल्या. तीन ते नऊ वर्षांची मुलं. त्या वेळी त्या मुलांना त्यांचा आजार काय आहे हे सांगत नसत. बाईंना दिसलं की मुलांना सगळं कळलेलं आहे, आणि आपल्याला कळलंय हे आईबापांना कळू नये म्हणून ती नाटक करताहेत. मोठ्यांना त्रास नको म्हणून. नऊ वर्षांच्या आतल्यांना जर कळतं, तर पंधरा वर्षांच्याला कळत नाही हा आपला भाबडेपणा. आई मोरीत जाऊन रडते, बाप रानात जाऊन बसतो, पोरगं उशीत तोंड खुपसतं, आणि जेवायला बसल्यावर तिघंही क्रिकेटवर बोलतात. मला विचाराल तर आईनं एकदा पोरासमोर रडावं. रोज नको, एकदा. त्यानं पोर खचत नाही. त्याला कळतं की हे रडण्यासारखंच आहे, माझं काही चुकत नाही.

आणि एक विषय ज्याला आम्ही सगळेच टाळतो. थॅलेसेमियाची पोरं दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला जातात. बरीचशी तीच तीच पोरं, तोच वार. बेड शेजारी, मोबाईलवर गेम एकत्र, सलाईनच्या स्टँडसकट शर्यती. मग एक दिवस शेजारचा बेड दुसऱ्याच कुणाचा असतो. आमच्या एका मुलाला सांगितलं, "तो पुण्याला शिकायला गेला." त्यानं त्या मित्राचा नंबर चार महिने लावून बघितला. खरं काय ते त्याला कळलं ते त्या मित्राच्या धाकट्या भावानं फोन उचलला तेव्हा. पुढचे दोन महिने तो लोह उतरवायच्या गोळ्या घ्यायचा नाही. चिडून नाही. "घेत होता की तो पण," इतकंच म्हणाला.

अशा वेळी तीन दुःखं एकावर एक बसलेली असतात. मित्र गेला, आता माझा नंबर, आणि ज्यांच्यावर भरवसा ठेवला ते खोटं बोलतात. यातलं तिसरं आपण टाळू शकतो. कळेल त्याच दिवशी, साध्या शब्दांत, "वारला" हा शब्द वापरून सांगावं. कशानं वारला ते सांगावं आणि त्याच्यात आणि तुझ्यात काय वेगळं आहे हे डॉक्टरांकडून सांगवून घ्यावं. वेगळं काही नसेल तर खोटा फरक शोधू नये. आणि त्याला दहाव्याला न्यावं. पोरांना अशा ठिकाणी नेत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी न्यावं. निदान या एका दुःखाला आपल्याकडे रीत आहे, ती तरी त्याला मिळू दे.

आता यातून पोरं तगतात कशी, ते बघू. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ साली जवळचं माणूस गेलेल्यांबद्दल एक गोष्ट मांडली. माणूस दुःखात सतत बुडून राहत नाही आणि सतत बाहेरही राहत नाही. कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या कामाकडे, आणि हे जाणं-येणं हीच सावरण्याची रीत. पावसाळ्यात एसटीनं महाबळेश्वरचा घाट चढताना वायपर बघा. एकाच बाजूला अडकला तर काच दिसेनाशी होते. हे आजारी पोरांना मी तंतोतंत लागू पडताना बघितलंय. सोमवारी दार बंद करून पडलेला मुलगा मंगळवारी टर्फवर खेळायला जातो, आणि आई म्हणते, कालचं सगळं नाटक होतं. नाटक नव्हतं. काल वायपर त्या बाजूला होता.

तेव्हा थोडा नकार चालतो. रविवारी दोन तास आजाराचा विषय काढायचा नाही, असा नियम आमच्याकडे पोरांनीच केलाय. डोस चुकवायचा नाही, पण त्यावर बोलायचं नाही. कायमचं टाळणं मात्र महागात पडतं, आणि ते ओळखायची एक खूण म्हणजे फार सुंदर वही. एका मुलीची शुगरची वही एकाच पेननं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी होती: ११०, १२४, ११८, ११५. मीटरमध्ये खरे आकडे साठवलेले असतात हे तिच्या लक्षात नव्हतं. वडिलांनी ते उघडलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. मला ती खोटारडी वाटली नाही. ज्या घरात आकड्यावरून कानउघाडणी होते तिथं पोर आकडा सुधारतं, शुगर नाही. "चांगली शुगर", "वाईट शुगर" हे शब्दच घरातून काढून टाकले तर बरं. जास्त किंवा कमी, एवढं पुरे. आकडा म्हणजे पुढचा डोस ठरवायची माहिती आहे, प्रगतिपुस्तक नाही.

याच्या पलीकडे कामाच्या गोष्टी अगदी बारीक आहेत. पोराच्या हातात निर्णय द्या: सुई कुठल्या दंडात, कुणाला सांगायचं, डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्यानं बोलायचं का. दुसऱ्या तशाच पोराची गाठ घालून द्या, आमच्या घरी एकमेकांना "तुझी किती?" विचारून ज्या मोकळेपणानं ती हसतात, तसं मला त्यांना हसवता येत नाही. आणि "इतरांना बघ, कर्करोग असतो" हे वाक्य कृपा करून बोलू नका. दुसऱ्याचं घर जळतंय म्हणून आपल्या छपराची गळती थांबत नाही.

शाळांसाठी एकच. दहावी-बारावीच्या परीक्षेत टाईप वनच्या मुलांना खायला जवळ ठेवायची मुभा सीबीएसईनं २०१७ सालीच दिली आहे. तुमच्या मंडळाचं, तुमच्या केंद्राचं काय, ते परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, दिवाळीत विचारा. आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार २०१६च्या दिव्यांग कायद्यात येतात; दाखला काढायला लाजू नका.

दुःख कुठपर्यंत दुःख आणि कुठून पुढे नैराश्य, हे ओळखायला शिकावं लागतं. दुःख लाटेसारखं येतं, मधल्या वेळात पोर हसतं, भांडतं, मिसळ खायला पैसे मागतं. नैराश्य सपाट असतं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, कशातच रस नाही, झोप उडालेली किंवा झोपच झोप, जेवण सुटलेलं, "मी ओझं आहे" अशी भाषा, तर थांबू नका. मुद्दाम डोस चुकवणं किंवा जास्त घेणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते" असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, असलं तर बाहेर येतं. इन्शुलिन आणि गोळ्या त्या काळात मोठ्यांनी आपल्या ताब्यात ठेवाव्यात आणि वेळेवर स्वतः द्याव्यात. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२पासून आहे, नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथं दाखवा.

कोरेगावच्या त्या मुलानं यंदा बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय. पहाटे अजून पळतो, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवून. आपल्याबरोबरच्या पोरांच्या १६०० मीटरची वेळ लावायचं काम त्यानं मध्ये काही दिवस केलं, मग सोडलं. का सोडलं ते मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात भरतीची जाहिरात आली. त्याच्या आईनं मला फोन केला, "आज जेवला नाही. काय बोलू?" मी म्हटलं, काही बोलू नको, ताट झाकून ठेव, आणि झोपताना शुगर तेवढी बघायला सांग. रात्रीचं जे लांब पल्ल्याचं इन्शुलिन असतं ते जेवलं नाही तरी घ्यावं लागतं, हे सगळ्यांच्या लक्षात राहत नाही. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला. जेवला नव्हता. रात्रीचं इन्शुलिन त्याचं त्यानं घेतलं होतं.